टाकण्यापूर्वी पाहणे

दीपावलीपूर्वी पेढी झाडून घेण्याची रीत व्यापारी घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. जुन्या वह्या बासनात बांधून माळ्यावर जातात, फाटके कागद वेगळे काढले जातात, काटे-मापे पुसली जातात आणि मग नव्या चोपडीवर कुंकवाचे स्वस्तिक काढून वहीपूजन होते. अलीकडे पेढीचा बहुतेक व्यवहार ज्या वस्तूत साठलेला असतो, ती संगणकाची हार्ड डिस्क मात्र या साफसफाईतून नेमकी सुटते. तिच्या पेटीवर बाहेरून कुंकू लागते, आतला पसारा तसाच राहतो.

हा पसारा होतो तरी कसा? पुरवठादार बिल ईमेलने पाठवितो, मुनीमजी ते उतरवून घेतात आणि ते ‘डाउनलोड्स’ या फोल्डरात पडते. तेच बिल व्हॉट्सअ‍ॅपवरही येते, म्हणून धाकटे बंधू ते डेस्कटॉपवर ठेवतात. नंतर कोणीतरी ते शिस्तीने ‘पर्चेस’ या फोल्डरात, योग्य वर्षाखाली लावतो. सीएसाहेबांकडे द्यायच्या पेनड्राइव्हवर त्याची आणखी एक प्रत जाते, आणि पेनड्राइव्ह परत आला की त्यातील सर्व मजकूर ‘सीएकडून आलेले’ अशा नव्या फोल्डरात उतरविला जातो. एका बिलाच्या अशा पाच प्रती होतात. कागदाच्या पाच प्रती झाल्या असत्या तर कपाट तक्रार करते. संगणकातील प्रतींना वजन नाही, त्यांच्यावर धूळ बसत नाही, म्हणून त्या कोणाला बोचत नाहीत. परिग्रह-परिमाण व्रत घेताना श्रावक धन, धान्य, क्षेत्र, वास्तू यांची मर्यादा मोजून ठरवितो. फाइलींची मोजदाद मात्र, जागा संपल्याची सूचना पडद्यावर येईपर्यंत, कोणीही करीत नाही.

अशी एक पेढी डोळ्यांसमोर आणावी. धान्याची आडत, तीन पिढ्यांचे एकत्र कुटुंब, एकाच छताखाली दोन फर्म आणि अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकणारा नातू. सुट्टीत घरी आला असता तो म्हणतो, “दादाजी, डिस्क भरली आहे. डबल फाइली काढून टाकतो. दहा ओळींचे काम आहे.” दादाजी उत्तर देतात, “काढ बेटा. पण काय काढलेस आणि का काढलेस, ते मला वाचता येईल असे लिहून ठेव.” नातवाला ही अट किरकोळ वाटते. पुढे त्या दहा ओळींच्या साठ ओळी होतात त्या मुख्यतः या अटीपायी.

ज्या दहा ओळींविषयी तो बोलतो तिला शेल स्क्रिप्ट म्हणतात. शेल म्हणजे संगणकाला लेखी आज्ञा देण्याचे साधन. युनिक्स या प्रणालीसाठी स्टीफन बोर्न यांनी घडविलेला शेल १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि ब्रायन फॉक्स यांनी लिहिलेला ‘बॅश’ १९८९ मध्ये आला. लिनक्स संगणकावर आजही बहुधा तोच आढळतो. विंडोजच्या संगणकावरही २०१६ पासून मायक्रोसॉफ्टने लिनक्सच्या आज्ञा चालविण्याची सोय केली आहे. एकेक आज्ञा हाताने देण्याऐवजी त्या क्रमाने एका फाइलीत लिहून ठेवल्या की स्क्रिप्ट तयार होते. अनुभवी मुनीमाला “रोज सायंकाळी एवढे करावे” अशी चिठ्ठी लिहून द्यावी, तसाच हा प्रकार. अंतर इतकेच की मुनीम चिठ्ठीतील चूक ओळखून थांबतो आणि विचारतो. शेल विचारीत नाही.

सर्वांत भोळी स्क्रिप्ट नावावरून निवाडा करते. ज्या फाइलीच्या नावात ‘कॉपी’ हा शब्द आहे, किंवा नावाच्या शेवटी कंसात १, २ असे आकडे आहेत, ती दुहेरी समजून टाकावी, अशी तिची समजूत. आता बँकेचा खातेउतारा पाहू. अनेक संकेतस्थळांवरून उतारा उतरविला की प्रत्येक महिन्याच्या फाइलीचे नाव सारखेच येते. एप्रिलचा उतारा ‘स्टेटमेंट’ या नावाने उतरतो. मेचा उतारा त्याच फोल्डरात उतरविला की ब्राउझर त्याला ‘स्टेटमेंट (१)’ असे नाव देतो, जूनच्या उताऱ्याला ‘स्टेटमेंट (२)’. नावावर विसंबणारी स्क्रिप्ट एप्रिलचा उतारा ठेवून बाकी अकरा महिने टाकून देईल, आणि त्याच वेळी निरनिराळ्या नावांनी पडलेल्या खऱ्या दुहेरी प्रतींना हातही लावणार नाही.

म्हणून पहिली सुधारणा म्हणजे नाव सोडून आतील मजकूर पाहणे. प्रत्येक फाइल दुसऱ्या प्रत्येक फाइलीशी अक्षरशः ताडून पाहायची म्हटले तर काम आवरणार नाही. चाळीस हजार फाइलींच्या जोड्या ऐंशी कोटींच्या घरात जातात. यावर गणितज्ञांनी काढलेली युक्ती म्हणजे फाइलीचा ठसा. संपूर्ण मजकूर एका ठराविक गणिती क्रियेतून गाळला की शेवटी एक निश्चित लांबीची आकडे-अक्षरांची ओळ उरते. मजकुरात स्वल्पविराम जरी बदलला तरी ती ओळ ओळखू येणार नाही इतकी बदलते. दोन फाइलींचे ठसे जुळले तर त्या एकसारख्या, असे मानून चालता येते. नातवाच्या दहा ओळी हेच करतात: सर्व फाइली शोधाव्यात, प्रत्येकीचा ठसा काढावा, ठसे क्रमाने लावावेत आणि तोच ठसा दुसऱ्यांदा दिसला की ती फाइल पुसावी.

कल्पना निर्दोष आहे. दोष तिच्या बारकाव्यांत आहेत, आणि पेढीचे नुकसान तेथेच संभवते.

प्रथम वेळेचा प्रश्न घ्यावा, कारण तो सोपा आहे. ठसा काढायचा तर फाइल पहिल्या बाइटपासून शेवटच्या बाइटपर्यंत वाचावी लागते. समजा डिस्कवर २०० जीबी मजकूर आहे आणि जुनी डिस्क सेकंदाला १०० एमबी वाचते. केवळ वाचनातच अर्ध्या तासाहून अधिक वेळ जाईल, आणि लहान लहान फाइली विखुरलेल्या असल्या तर त्याच्या कितीतरी पट. वास्तविक ज्या दोन फाइलींचा आकारच वेगळा आहे त्या एकसारख्या असणे शक्य नाही, आणि आकार कळण्यासाठी फाइल उघडावी लागत नाही. तो तिच्या नोंदीतच लिहिलेला असतो. तेव्हा आधी आकार जुळवावेत, ज्यांना आकाराचा जोडीदार नाही त्या फाइली बाजूला ठेवाव्यात आणि उरलेल्यांचेच ठसे काढावेत. एवढ्या एका बदलाने बहुतेक वाचन वाचते.

ही तऱ्हा ज्ञानभांडारांशी परिचय असलेल्यांना नवी वाटणार नाही. जुन्या पोथ्यांच्या शेवटी लेखक ‘ग्रंथाग्र’ लिहून ठेवीत. बत्तीस अक्षरांचा एक श्लोक असे माप धरून संपूर्ण ग्रंथ किती श्लोकांचा भरतो याची ती मोजणी असे. पोथी पुरी आहे की मध्येच पाने गळाली आहेत, याचा पहिला अंदाज त्या आकड्यावरून येई. पण ग्रंथाग्र जुळले म्हणजे पाठ जुळला असे कोणत्याही जाणकाराने मानले नाही. पाटण आणि जैसलमेरची भांडारे लावताना मुनिश्री पुण्यविजयजींसारख्या विद्वानांनी पोथ्या उघडून पाहिल्या. एकाच ग्रंथाच्या दोन प्रतींत पाठभेद असतात, पुष्पिकेत निराळा संवत, निराळा लेखक, निराळे गाव असते. नावाने आणि विषयाने एक असलेली पोथी म्हणजे दुहेरी पोथी नव्हे. हा विवेक नसता तर अर्धी भांडारे ‘जादा प्रती’ म्हणून रिकामी झाली असती.

ठसा कोणत्या पद्धतीने काढावा, यालाही इतिहास आहे. रोनाल्ड रिव्हेस्ट यांनी १९९१ मध्ये रचलेली ‘एमडी-५’ ही पद्धत अजूनही पुष्कळ स्क्रिप्टांत दिसते. २००४ मध्ये वांग शियाओयुन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भिन्न मजकुरांचा एकच एमडी-५ ठसा येऊ शकतो हे प्रत्यक्ष दाखविले. त्यानंतरची ‘शा-१’ ही पद्धतही टिकली नाही. २०१७ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमची सीडब्ल्यूआय ही संशोधन संस्था आणि गूगल यांनी मिळून दोन वेगळ्या पीडीएफ फाइली तयार केल्या, ज्यांचा शा-१ ठसा एकच होता. हे मुद्दाम घडविलेले प्रकार होते. धान्याच्या बिलांत ते आपोआप घडेल अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. तरीही ‘शा-२५६’ ही अधिक भक्कम पद्धत प्रत्येक लिनक्स संगणकावर विनामूल्य हाताशी असताना जुनीच वापरण्यात कोणते शहाणपण? आणि ज्या जोडीतील एक फाइल खरोखर जाणार आहे, तेवढ्या जोडीपुरती शेवटी ‘सीएमपी’ या आज्ञेने बाइटागणिक तुलना करून घ्यावी. नोटांचे बंडल यंत्राने मोजल्यावरही रोखपाल ते हाताने एकदा चाळतो, तसेच हे.

आता नावांतील मोकळ्या जागेकडे वळू. हा दोष दिसायला क्षुल्लक आणि परिणामाने सर्वांत घातक आहे. शेल सामान्यतः मोकळी जागा म्हणजे दोन शब्दांमधील सीमा असे समजतो. ‘मार्च बिल.पीडीएफ’ अशी एक फाइल ‘पर्चेस’ फोल्डरात दुहेरी ठरली आणि तिचे नाव पुसणाऱ्या आज्ञेकडे बेसावधपणे सोपविले, तर ती आज्ञा दोन नावे वाचते: पर्चेसमधील ‘मार्च’ आणि नुसते ‘बिल.पीडीएफ’. पहिल्या नावाची फाइल नसते, म्हणून एक तक्रार उमटते आणि पुढे सरकते. दुसऱ्या नावाची फाइल, ज्या फोल्डरात उभे राहून स्क्रिप्ट चालविली तेथे असलीच, तर ती जाते. तिचा या प्रकरणाशी काहीही संबंध नसतो. व्यापारी माणसे फाइलींना नावे देतात ती बोलल्यासारखी, मोकळ्या जागांसकट, कधी अवतरणचिन्हांसकट. ती सवय बदलण्याचा उपदेश करण्यापेक्षा स्क्रिप्ट सुधारणे योग्य. उपाय असा की नावांच्या यादीत दोन नावांमध्ये मोकळी जागा किंवा नवी ओळ न ठेवता शून्य मूल्याचे अक्षर ठेवावे. युनिक्समध्ये फाइलीच्या नावात जवळजवळ काहीही चालते, परंतु हे एक अक्षर कधीच येऊ शकत नाही. फाइली शोधणारी, क्रम लावणारी आणि पुढे सोपविणारी अशा तिन्ही आज्ञांना हे अक्षर पाळण्याची सोय आहे. ती मागून घ्यावी लागते इतकेच. त्याबरोबर स्क्रिप्टमध्ये जेथे जेथे नावाचा उल्लेख येतो तेथे ते दुहेरी अवतरणचिन्हांत ठेवावे.

त्याच जातीचा दुसरा धोका रिकाम्या नावाचा. स्क्रिप्टमध्ये फोल्डराचे नाव एका चिन्हात साठविलेले असते आणि पुढे “या चिन्हाखालचे सर्व पुसावे” अशी आज्ञा असते. काही कारणाने ते चिन्ह रिकामे राहिले तर आज्ञेचा अर्थ “मुळापासून सर्व पुसावे” असा होतो. हे काल्पनिक भय नाही. जानेवारी २०१५ मध्ये ‘स्टीम’ या प्रसिद्ध खेळ-वितरण कार्यक्रमाच्या लिनक्स आवृत्तीतील एका शेल स्क्रिप्टने नेमके हेच केल्याचे उघड झाले. ज्यांनी आपला फोल्डर हलविला होता अशा वापरकर्त्यांच्या स्वतःच्या फाइली, जोडलेल्या बाहेरच्या डिस्कसकट, पुसल्या गेल्या. त्या आज्ञेजवळ खुद्द लिहिणाऱ्यानेच ‘भीतिदायक’ अशा अर्थाचा इंग्रजी शब्द टिपून ठेवलेला होता. भीती वाटली, ती लिहूनही ठेवली आणि ओळ तशीच राहिली. स्क्रिप्टच्या आरंभी एक छोटी आज्ञा लिहिली की मुळीच न ठरविलेल्या चिन्हाशी गाठ पडताच शेल जागीच थांबतो. नातवाच्या सुधारलेल्या स्क्रिप्टची पहिली ओळ तीच आहे.

यानंतर खरा व्यापारी प्रश्न येतो: पाच प्रतींपैकी ठेवायची कोणती?

नातवाच्या मूळ स्क्रिप्टने हा प्रश्न स्वतःला विचारलेलाच नव्हता, तरी तिच्याजवळ उत्तर होते. ठसे आणि नावे एकत्र क्रमाने लावली जातात, आणि गटातील पहिली फाइल राहते, बाकीच्या जातात. पहिली कोणती? इंग्रजी वर्णक्रमात जी आधी येईल ती. ‘डाउनलोड्स’चे डी हे अक्षर ‘पर्चेस’च्या पीच्या आधी येते. परिणामी मुनीमजींनी वर्षावार, पुरवठादारवार लावून ठेवलेली प्रत गेली असती आणि डाउनलोड्सच्या ढिगाऱ्यातील प्रत राहिली असती. एकही बिल हरवले नसते आणि एकही बिल सापडले नसते. जीएसटीच्या तपासणीस बसलेल्या अधिकाऱ्यासमोर या दोन्ही गोष्टींचा परिणाम एकच.

काहीजण सुचवितात की सर्वांत जुन्या तारखेची फाइल मूळ समजावी. परंतु नक्कल करताना, पेनड्राइव्हवरून उतरविताना किंवा डिस्क बदलताना तारखा बदलतात, त्यामुळे तारखेची साक्ष कच्ची आहे. पेढीला मानवेल असा उपाय म्हणजे फोल्डरांचा मान ठरविणे. स्क्रिप्टच्या सुरुवातीस क्रम लिहून द्यावा: वर्षावार दप्तर पहिले, सीएकडून आलेले दुसरे, डेस्कटॉप तिसरा, डाउनलोड्स शेवटी. गटातील ज्या प्रतीचा मान मोठा ती राहील. हा क्रम नातू ठरवू शकत नाही. तो मुनीमजींनी सांगायचा आणि नातवाने लिहायचा.

काही ठिकाणी तर स्क्रिप्टने पाऊलही ठेवता कामा नये. टॅलीमध्ये प्रत्येक कंपनीचा मजकूर आकडी नावाच्या स्वतंत्र फोल्डरात असतो, आणि दोन फोल्डरांतील एखादी आतली फाइल योगायोगाने तंतोतंत सारखी असू शकते. ती काढली तर कंपनी उघडणार नाही. रिकाम्या फाइलींचे तसेच. शून्य आकाराच्या सर्व फाइलींचा ठसा एकच येतो, पण काही कार्यक्रम अशी फाइल केवळ खूण म्हणून ठेवीत असतात. तिला पुसून एक बाइटही मिळत नाही. एकाच फाइलीला दोन नावे जोडलेली असतात, त्या हार्ड लिंकांतही जागा वाचत नाही. दुसरीकडे बोट दाखविणाऱ्या सांकेतिक दुव्यांवरून चालत जाऊन मूळ फाइललाच दुहेरी ठरविण्याचा प्रमादही घडू शकतो. या सर्वांना वगळण्यास प्रत्येकी एक ओळ पुरते.

बॅकअपच्या डिस्कविषयी मात्र अधिक सांगितले पाहिजे, कारण तेथे हुशारीच घात करते. दुहेरी फाइली शोधायच्या म्हणून उत्साहाने बॅकअपची डिस्कही जोडली, तर तिच्यावरील प्रत्येक फाइल दुहेरीच निघणार. त्यासाठीच ती तेथे आहे. बँकेच्या तिजोरीच्या किल्ल्यांचा दुसरा संच दुसऱ्या शाखेत ठेवलेला असतो. त्याला कोणी जादा संच म्हणून मोडीत काढीत नाही. चुकून झालेली प्रत आणि हेतूने ठेवलेली प्रत यांत मजकुराच्या दृष्टीने रतीभरही फरक नसतो, आणि स्क्रिप्टला तर मजकुराखेरीज काहीच दिसत नाही. म्हणून स्क्रिप्ट चालविताना बॅकअपची डिस्क जोडलेलीच नसावी, हा नियम ओळीत न लिहिता प्रत्यक्ष तारेनेच पाळावा.

आता पुसण्याकडे येऊ. साधूंच्या आचारात पाच समिती सांगितल्या आहेत. चालणे, बोलणे, आहार घेणे, वस्तू उचलणे-ठेवणे आणि शेवटची, टाकणे. निरुपयोगी वस्तूचा त्यागसुद्धा जयणेने करायचा, या पाचव्या गोष्टीचे नवल इतरांना वाटते. श्रावकांना ते परिचित आहे. वस्त्र-पात्रांचे पडिलेहण रोज होते, आणि परठवताना ज्या जागी वस्तू जाणार ती जागाही आधी पाहिली जाते. शेलमधील ‘आरएम’ ही आज्ञा या दृष्टीने अगदी असंयमी म्हटली पाहिजे. ती कचऱ्याच्या टोपलीत टाकीत नाही, विचारीत नाही, परत देत नाही. सुधारलेल्या स्क्रिप्टमधून ती पूर्णपणे काढून टाकलेली आहे.

तिच्या जागी दोन स्वतंत्र स्क्रिप्टा आल्या आहेत. पहिली केवळ शोधते आणि यादी लिहिते: कोणती फाइल राहणार, कोणती जाणार, आकार किती, ठसा काय. ती कोणत्याही फाइलीला हात लावीत नाही. दुसरी स्क्रिप्ट, माणसाने पाहून मान्य केलेली यादी हाती घेऊन, तीत उरलेल्या फाइली ‘परठवण’ नावाच्या फोल्डरात हलविते. बँकेत नोंद करणारा एक आणि मंजुरी देणारा दुसरा असतो. एकाच माणसाच्या सहीने रक्कम बाहेर जात नाही. येथे तेच तत्त्व आहे. यादी करणारे यंत्र आणि मंजूर करणारा माणूस ही कामे एका स्क्रिप्टमध्ये एकत्र केली की घाईच्या दिवशी मंजुरीचा भाग गळतो.

हलविण्यातही एक खाच आहे. निरनिराळ्या फोल्डरांतील ‘बिल.पीडीएफ’ नावाच्या दहा फाइली एकाच ठिकाणी हलविल्या तर नंतर आलेली आधीचीला पुसून तिच्या जागी बसते, आणि सुरक्षिततेसाठी केलेली योजनाच फाइली गिळते. म्हणून परठवण फोल्डरात प्रत्येक फाइलीचा मूळ मार्ग जसाच्या तसा उभारावा आणि आधीपासून असलेल्या फाइलीवर कधीही लिहू नये अशी ताकीद ‘एमव्ही’ या आज्ञेला द्यावी. त्याच डिस्कवर हलविल्याने जागा मोकळी होत नाही, हे खरे. ती एक-दोन महिन्यांनी, कोणाची काही तक्रार न आल्यास, परठवण फोल्डर हाताने रिकामा केल्यावर होईल. डिस्क अगदीच काठोकाठ भरली असेल तर तो फोल्डर बाहेरच्या दुसऱ्या डिस्कवर करावा.

प्रत्येक हलविण्याची एक ओळ नोंदवहीत जाते: दिनांक, वेळ, कोठून, कोठे, कोणती प्रत राखली. ही दादाजींची अट. कंपन्यांसाठी १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाचा माग राखणे कायद्याने बंधनकारक झाले आहे. भागीदारी पेढीला तो नियम लागू नसला तरी रोजमेळात खाडाखोड न करता चुकीची नोंद उलट नोंदीने दुरुस्त करण्याची शिस्त त्याहून जुनी आहे. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ३६ नुसार हिशेब आणि दप्तर वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावे लागते. म्हणजे आर्थिक वर्ष २०२३-२४ ची मुदत ३१ डिसेंबर २०२४ धरली तर ते दप्तर २०३० च्या अखेरपर्यंत लागेल, आणि अपील वा चौकशी चालू असल्यास आणखी पुढेही. इतक्या वर्षांनंतर “ते बिल डिस्क साफ करताना गेले असावे” हे उत्तर कोणी ऐकून घेणार नाही. नोंदवही असली तर त्याची राखलेली प्रत कोठे आहे हे अर्ध्या मिनिटात सांगता येते.

या सर्व सुधारणांनंतरही स्क्रिप्टला एक गोष्ट साधत नाही, आणि व्यापाऱ्याच्या दृष्टीने तीच अधिक महाग आहे. एकच कागदी बिल दोनदा स्कॅन केले तर तयार होणाऱ्या दोन फाइली कधीच तंतोतंत सारख्या नसतात. कागद केसभर तिरका बसतो, प्रकाश थोडा बदलतो, वेळ निराळी नोंदली जाते. व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो म्हणून आलेले बिल दाबून लहान केलेले असते, त्याचाही ठसा मूळ फोटोशी जुळत नाही. अशी दोन रूपे दोघांच्या हाती पडली आणि दोघांनीही नोंद केली, तर खरेदी दोनदा लागते, इनपुट टॅक्स क्रेडिट दोनदा घेतले जाते आणि कधी रक्कमही दोनदा जाते. हा शोध फाइलींत घेऊन उपयोग नाही. तो खतावणीतच घ्यावा लागतो. पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक, बिल क्रमांक, तारीख आणि रक्कम हे चार रकाने टॅलीतून काढून शेजारी लावले की जोड्या उघड्या पडतात. दुहेरी फाइल जागा खाते, दुहेरी नोंद भांडवल खाते. डिस्क साफ झाली म्हणून दुसरे काम झाले असे समजणाऱ्याने आधी ते दुसरेच काम हाती घेतलेले बरे.

‘एफड्यूप्स’सारखी तयार साधने विनामूल्य मिळतात, ती आकार, ठसा आणि बाइटागणिक तुलना या क्रमाने नीट काम करतात, आणि शोधाचा भाग त्यांच्यावर सोपविण्यास काहीच हरकत नाही. कोणते फोल्डर वगळायचे, मान कोणाचा, परठवण कोठे आणि नोंद कशी, हे मात्र पेढीचे पेढीनेच लिहावे लागते.

पहिली यादी कागदावर छापून मुनीमजींसमोर ठेवली जाते. ते चष्मा लावून, पेन्सिलीने एकेक ओळ टिपत जातात. बहुतेक ओळी सरळ आहेत. तिसऱ्या पानावर ते थांबतात. गोदामाच्या भाडेकराराची पीडीएफ दोन ठिकाणी आहे, ठसा एक, आकार एक, स्क्रिप्टने एक प्रत काढण्यास सुचविली आहे. “भैया, ही काढता येणार नाही,” ते म्हणतात. “गोदाम दोन्ही फर्मच्या नावे आहे. एक प्रत या फर्मच्या जीएसटी नोंदणीच्या दप्तरात आणि दुसरी त्या फर्मच्या. उद्या वाटणी झाली तर दोघांकडे आपापले दप्तर पुरे पाहिजे.” नातू यादीकडे पाहतो. ठसा बरोबर आहे, आकार बरोबर आहे, बाइटागणिक तुलनाही बरोबर आहे. तो त्या ओळीवर काट मारतो, आणि संध्याकाळी स्क्रिप्टमध्ये आणखी एक नियम घालतो: दोन्ही फर्मच्या फोल्डरांची तपासणी स्वतंत्र करावी, एकाची दुसऱ्याशी तुलना करू नये.